अंगतपंगत

आम्ही पाच जण. तिघे जळगावचे आणि दोघी धुळ्याच्या. पाचही जण महाविद्यालयांतून मराठी शिकवणारे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका उजळणी वर्गात ओळख झाली आणि तेव्हापासून वर्षातून एकदा दोन-तीन दिवस कुठेतरी एकत्र जायचे, असा नेम पडला. या नेमात आजवर फारसा खंड पडलेला नाही. मागच्या हिवाळ्यात प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्ट्या आल्या आणि आमच्यातल्या एकाच्या जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या मामांच्या द्राक्षबागेत येण्याचे आमंत्रण दिले. बाग नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. बागेला लागून दोन खोल्यांचे रिकामे घर. 'स्वयंपाकाचे तेवढे तुम्ही पाहा,' असे मामांनी कळवले होते. हा लेख त्या 'तेवढ्या'बद्दल आहे.

प्रवासाच्या आखणीत आम्ही एरवी आळशी असलो तरी जेवणाच्या आखणीत नसतो. तीन दिवसांची यादी करायला जळगावात एक आख्खी संध्याकाळ गेली. खानदेशी पदार्थांपैकी प्रवासाला कोणते चालतील, यावर एखाद्या परिसंवादात होते तशी चर्चा झाली. शेवभाजी पहिल्याच फेरीत बाद झाली, कारण तिचा रस्सा डब्याचे झाकण मानत नाही. वरण-बट्टीला बराच पाठिंबा होता. बट्ट्या दोन दिवस सहज टिकतात आणि वरण कुठेही शिजवता येते. पण तुपाचा प्रश्न निघाला आणि आमच्यातल्या दोघांच्या वैद्यकीय अहवालांनी तो निकालात काढला. शेवटी ठरले ते असे: जाताना वाटेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचे आणि केळी. रात्री तिथे मुगाची खिचडी आणि भाजलेले बिबडे. दुसऱ्या दिवशी दुपारी बागेत भरीत आणि कळण्याची भाकरी. तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या भाकरीला फोडणी द्यायची आणि निघायचे.

यादी वाचून झाल्यावर कोणीतरी उत्साहाने म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या दिवशी खरी पिकनिक!" त्यावर धुळ्याच्या दोघींपैकी एक, जी तोवर नुसती ऐकत होती, म्हणाली, "घरातच जेवू या ना. बागेत कशाला?"

आम्ही ते थंडीमुळे असेल असे समजून सोडून दिले. माणसे शब्दांचा धंदा करत असली म्हणजे शब्दांमागचे ऐकू येतेच, असे नाही.

शब्दांचा धंदा मात्र आम्ही त्या संध्याकाळीही केला. 'पिकनिक'ला मराठी शब्द कोणता, असा वाद निघाला. 'सहल' म्हणावे तर तिच्यात जेवण असेलच असे नाही. 'वनभोजन' हा शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आसपास रेंगाळणारा. कार्तिकातले आवळीभोजन हा त्याचा धार्मिक अवतार: आवळ्याच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्याच सावलीत पंगत मांडायची. फ्रेंच 'पिक-निक' हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. तेव्हा त्याचा झाडांशी किंवा गवताशी काही संबंध नव्हता; ज्यात प्रत्येकाने आपापला वाटा आणायचा किंवा भरायचा, असे जेवण म्हणजे पिक-निक. मोकळ्या हवेत जाऊन जेवणे हा अर्थ पुढे इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. म्हणजे मूळ अर्थाला अगदी जवळचा मराठी शब्द आपल्याकडे होताच, तो आपण शाळेच्या मधल्या सुट्टीत वापरून विसरून गेलो: अंगतपंगत. ज्याचा त्याने डबा आणायचा, गोल करून बसायचे आणि वाटून खायचे.

याच्याही मागे गेले तर गोपाळकाला आहे. भागवताच्या दशम स्कंधात गोपाळांची शिदोरी सुटते तेव्हा ताटे नसतात. कोणी पानावर, कोणी सालीवर, कोणी दगडावर आपले अन्न मांडतो आणि एकमेकांना चव दाखवतो. वारकऱ्यांनी या प्रसंगाला सप्ताहाच्या शेवटी मानाचे स्थान दिले. काल्याच्या कीर्तनाशिवाय सप्ताह पुरा होत नाही. देवाच्या शिदोरीत आणि गुराख्याच्या शिदोरीत फरक उरू नये, ही काल्यामागची कल्पना. हे सगळे आम्ही वर्गात शिकवतो. यातले एक वाक्यही त्या संध्याकाळी नवे नव्हते. पण गोपाळ तिथे सहलीला गेले नव्हते, ते कामावर होते, हे आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून आले नाही.

भरिताबद्दल थोडे सांगायला हवे. खानदेशाबाहेर भरीत ही डावी बाजू सांभाळणारी गोष्ट असते. जळगावकडे ती मुख्य जेवण असते. थंडी पडली की शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी त्यासाठी नावाजलेली: मोठी, हिरवट, अंगावर पांढुरके पट्टे, आत बी कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. वांगी गॅसवर भाजणे हा शहरातला नाइलाज. खरी पद्धत म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यात ती टाकायची. जाळ झपाट्याने पेटतो, साल करपते, आतला गर वाफेवर शिजतो आणि धूर गरात उतरतो. मग साल काढायची आणि लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या व लसणाबरोबर गर ठेचायचा. फोडणीत शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, वरून भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो घालण्याचा विचारही कोणी बोलून दाखवत नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद मिठासह एकत्र दळून केलेल्या पिठाची. किंवा पाहुणे असतील तर पुऱ्या.

तर सहा किलो वांगी आणि कपाशीच्या काड्यांचा एक भारा गाडीच्या टपावर बांधून आम्ही निघालो. दिंडोरीकडे कपाशी नाही, हे आम्हांला ठाऊक होते. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. तिथे दोघींना घेतले आणि महामार्गाला लागलो. मालेगाव मागे टाकून राहुडचा घाट चढल्यावर चांदवडजवळ एका लिंबाखाली दशम्या सोडल्या. कणीक दुधात भिजवल्यामुळे दशमी मऊ राहते आणि दोन दिवस खराब होत नाही. त्यामुळे जुन्या काळी लांबच्या वाटेची शिदोरी हीच असे. जेवण वीस मिनिटांत आटोपले, भांडे एकही खरकटे झाले नाही. साध्या जेवणाची आखणी म्हणजे काय, याचे उत्तर आमच्या आज्यांनी आमच्या यादीच्या कितीतरी आधी देऊन ठेवले होते.

बागेत पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. मांडवाखाली शिरल्यावर आम्ही सगळेच थबकलो. वेलींवर द्राक्षांच्या जागी वर्तमानपत्रे लटकत होती. थंडीत पांढऱ्या जातीच्या मण्यांवर गुलाबी छटा येते, बागाईतदार तिला 'पिंक बेरी' म्हणतात, आणि असा माल निर्यातीत नाकारला जातो. ती येऊ नये म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळतात. ओळीच्या ओळी. अग्रलेख, निधनवार्ता, राशिभविष्य, शैक्षणिक प्रवेशाच्या जाहिराती. आमच्यातल्या एकाला एका घडावर रविवारच्या पुरवणीतले एक पुस्तक-परीक्षण सापडले आणि त्याने ते मान वाकडी करून पूर्ण वाचले. मराठी समीक्षेचा इतका प्रत्यक्ष उपयोग होताना आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

कागद लावणाऱ्या बाया ओळीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून या भागात हंगामी मजुरीला टोळ्या येतात. ही त्यांपैकी एक. दहा-बारा बाया, दोन-तीन पुरुष. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा मुक्काम. मामांनी सांगितले, काम उक्ते आहे. एकराप्रमाणे पैसे, रोजाप्रमाणे नाही. मग बजावले, की घड तोडून खाऊ नका. ज्या ओळींत फवारणीनंतरचे दिवस भरले होते त्या ओळींतले काढून ठेवले आहेत, तेच खा. आणि छाटणीच्या काड्यांचा ढीग दिसतो आहे, त्यावर वांगी भाजू नका; त्यांवरही औषध बसलेले असते. आम्ही अभिमानाने टपावरचा भारा दाखवला. तेव्हा धुळ्याची मैत्रीण म्हणाली, "कपाशीवर काय कमी फवारतात?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, हे आम्ही सगळ्यांनीच वाचलेले होते. काड्या मात्र आम्ही वर्षानुवर्षे निर्धास्तपणे जाळत आलो होतो.

द्राक्षावरच्या औषधाची एक गोष्ट इथे आठवते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण आजही बागांतून वापरले जाते. त्याचा शोध लागला तो वाटसरूंमुळे. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे येणाऱ्याजाणाऱ्यांनी तोडू नयेत, म्हणून बागवाले त्यांवर मोरचूद-चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की नेमक्या याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि द्राक्षशेती बदलली. भुकेल्या माणसाला घाबरवायला केलेला उपाय बुरशीवर लागू पडला. याच्या उलट टोकाला बायबलच्या जुन्या करारातला नियम आहे; तो ज्या पुस्तकात येतो त्याचे मराठी नाव योगायोगाने 'अनुवाद' असे आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस, असा त्याचा आशय. आपल्याकडेही हरभरा घाट्यावर आला की वाटेने जाणाऱ्याने चार डहाळे उपटले तर शेतकरी ओरडत नसे. पिशवी काढली तर ओरडे. रानातल्या अन्नावर कोणाचा किती हक्क, हा प्रश्न असा फार जुना आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निवांत उठलो. चहा झाला, मग पुन्हा चहा झाला. महानोरांच्या 'रानातल्या कविता'वर बोलणे निघाले. १९६७ सालच्या त्या संग्रहाने आमच्यासारख्यांना रान पाहायला शिकवले, असे एकजण म्हणाला. दुसऱ्याने बहिणाबाईंचा विषय काढला. आसोद्याच्या या बाईंनी शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी इतरांनी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. रचणारी कामात आणि लिहिणारा सवडीत, ही वाटणी किती जुनी आहे, असे काहीसे चांगले वाक्य कोणीतरी म्हटलेही. धुळ्याची मैत्रीण दोनदा उठून बाहेर गेली आणि घड्याळ पाहून आली. "जाळ कधी पेटवायचा?" तिने विचारले. आम्ही म्हटले, घाई काय आहे.

"त्या बाया एक वाजता जेवतात," ती म्हणाली. "द्यायचे असेल तर एकच्या आत झाले पाहिजे. नाहीतर त्यांच्यासमोर बसून खाऊ तरी नका."

जाळ पेटला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. सहा किलो वांगी भाजून, सोलून, ठेचून व्हायला किती वेळ लागतो, हे आम्हांला अनुभवाने माहीत असायला हवे होते. एक वाजता टोळीने काम थांबवले. मांडवाच्या सावलीत फडकी सुटली. नागलीच्या काळपट भाकरी, चटणी, कांदा. आमच्या जाळाचा धूर त्यांच्याकडे जात होता आणि लसणाचा वासही जात असणार. अर्ध्या तासात त्या उठल्या आणि पुन्हा कागद लावू लागल्या. आमचे भरीत पावणेदोनला तयार झाले. मामा म्हणाले, "बोलावू का त्यांना? येतील." ती म्हणाली, "नको. काम उक्ते आहे. आपल्या जेवणासाठी त्यांचा अर्धा तास कशाला मोडायचा?"

आम्ही घरात जाऊन जेवलो. भरीत उत्तम झाले होते. हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल म्हणून सांगतो. ती फार जेवली नाही. भांडी घासताना तिने जे सांगितले ते बावीस वर्षांत आम्हांला ठाऊक नव्हते. साक्री तालुक्यातल्या तिच्या गावी तिची आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाई. सकाळी भाकरी व्हायला उशीर झाला, की शाळा सुटल्यावर ती फडक्यात बांधून 'वावरमा', म्हणजे शेतात, नेऊन द्यायचे काम हिचे. एकदा वाटेत मैत्रिणींबरोबर बोरे वेचत राहिली. पोचली तेव्हा सुट्टी संपून बाया पाथीला लागल्या होत्या. आईने एकदा तिच्याकडे पाहिले, फडके बांधावर ठेवायला सांगितले आणि खुरपणी चालू ठेवली. ती भाकरी आईने संध्याकाळी घरी येऊन खाल्ली. रागावली नाही. "रागावली असती तर मी विसरले असते," ती म्हणाली. "तुमचे जेवण उशिरा झाले तर त्याला मजा म्हणतात. तिचे उशिरा झाले तर ते झालेच नाही."

यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. ग्रामीण साहित्याची अभ्यासपत्रिका आमच्यातल्या तिघांनी शिकवलेली आहे. शेतावर भाकरी घेऊन जाणारी मुलगी कितीतरी कथांत भेटते. आम्ही तिच्यावर प्रश्नपत्रिकेत प्रश्न घातले आहेत. ती मुलगी आमच्या शेजारी बसून दरवर्षी आमच्या जेवणाच्या याद्या ऐकत होती. 'घरातच जेवू या ना' हे तिचे वाक्य आम्ही हवामानाच्या खाती जमा केले होते. तिने आजवर का सांगितले नाही, हे आम्ही विचारले नाही. आम्ही कधी विचारले का नाही, हा प्रश्न आधी येत होता.

संध्याकाळी काम सुटल्यावर तिने उरलेले भरीत एका मोठ्या डब्यात भरले, वर कळण्याच्या भाकरी ठेवल्या आणि एकटीच शेडकडे गेली. आम्ही मागे गेलो नाही. पाच जणांनी डबा पोचवायला जाणे म्हणजे समारंभ झाला असता. ती तासाभराने परत आली. काय बोलणे झाले, ते फारसे सांगितले नाही. इतकेच म्हणाली, की त्यातल्या एकीची मुलगी बारावीला आहे आणि परीक्षा जवळ आली म्हणून गावी आजीजवळ राहिली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फोडणीच्या भाकरीसाठी कांदा चिरत असताना एक बाई डबा परत द्यायला आली. डबा घासून लख्ख केलेला होता आणि रिकामा नव्हता. आत नागलीच्या तीन भाकरी आणि खुरासणीची काळी चटणी. भांडे रिकामे परत करू नये, हा रिवाज आम्हांलाही माहीत होता. पण तो आम्ही शेजारपाजारच्या वाट्यांपुरता समजत होतो. आम्ही विचारले, भरीत कसे झाले होते? ती संकोचली, मग म्हणाली, "वांगी चांगली होती. तेल लय होतं." आणि कामाला गेली.

भरिताचे इतके नेमके परीक्षण आम्ही ऐकले नव्हते. खुरासणीची चटणी तिखट होती, किंचित कडवटही. नागलीच्या भाकरीबरोबर तो कडवटपणा मुरून जात होता. तीन भाकरी पाच जणांत वाटून घेतल्या. मैत्रिणीने आपला तुकडा सावकाश खाल्ला आणि उरलेली चटणी कागदात न बांधता डबीत भरून धुळ्याला नेली. अंगतपंगतीत प्रत्येकाचा वाटा असावा लागतो, हे आम्ही जळगावच्या त्या संध्याकाळी व्युत्पत्तीसह सांगितले होते. वाटा घेऊन येणारे दुसरेही कोणी असू शकते, आणि ते आपल्याला देणे लागत नसतानाही देऊ शकते, हे मात्र आमच्या व्याख्येत नव्हते.

याने काही बदलले असे म्हणण्याचा मोह टाळतो. टोळी हंगाम संपेपर्यंत त्याच उक्त्या दराने कागद लावत राहिली असेल, आम्ही आपापल्या वर्गांत परतलो. कथा शिकवताना आता भाकरी किती वाजता पोचली, हे आम्ही विद्यार्थ्यांना शोधायला लावतो. बहुतेक कथांत ते लिहिलेले नसते.

यंदाची यादी परवाच झाली. या खेपेला दूर जाणार नाही, यावल तालुक्यातल्या एका परिचितांच्या शेतावरच भरीत करणार आहोत. वांगी, काड्या, कळण्याचे पीठ, शेंगदाणे, पात. तेल कमी. ही यादी धुळ्याच्या मैत्रिणीने लिहिली आणि पदार्थांच्या आधी, पहिल्या ओळीत, तिने एवढेच लिहिले आहे: जाळ सकाळी दहाला, जेवण एकच्या आत.